मायचा कमळाचा हौद

माझ्या मायनं बगळा मारला तेव्हा मी नववीत होते. जानेवारीची सकाळ होती. लातूरची थंडी कोरडी, ओठ फोडणारी. मी मोरीत दात घासत होते. परसातून आधी पंखांची फडफड ऐकू आली आणि मग ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा आवाज. बाहेर येऊन बघते तर हौदाच्या कठड्याशी राखी रंगाचा मोठा बगळा मान वाकडी करून पडलेला. त्याच्या चोचीत आमचा लाल मासा अजून शेपूट हलवत होता. माय हातात बांबू धरून धापा टाकत उभी होती. तिनं दुसरा फटका मारला नाही, नुसती बघत राहिली. बगळ्याचा एक पाय बराच वेळ माती उकरत होता, मग थांबला. तेव्हा तिनं दोन्ही हातांनी चोच फाकवून मासा काढला आणि पाण्यात सोडला. तो आडवा होऊन तरंगला. त्याच्या पोटाला भोक पडलं होतं.

"दोघं बी गेले," माय म्हणाली. "म्या लवकर उठायला पाहिजे होतं."

लिंबाच्या झाडाखाली खड्डा करून तिनं दोघांना एकत्र पुरलं, हात धुतले आणि चुलीपुढं जाऊन भाकरी थापायला बसली.

हिवाळा हा हौदाचा सगळ्यात वाईट काळ. पावसाळ्यात कमळाची पानं छत्रीसारखी पसरलेली असतात, खाली मासे सुखात असतात. थंडी पडली की पानं करपतात, पाणी निवळशंख होतं आणि वरून बघणाऱ्याला तळ दिसतो. मासेही गारठून तळाशी दगडासारखे पडून राहतात. बगळा आला, मांजर आलं तरी त्यांच्याच्यानं पळवत नाही. माय म्हणायची, "आता चार महिने यांचे हातपाय आपणच."

माय कुणावर हात उचलणारी बाई नव्हती, असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. पण ती उचलायची. मला उलथन्यानं मारलेलं आठवतं, केस धरून भिंतीशी नेलेलं आठवतं. आमच्या घरात मारणं हे बोलण्यासारखंच होतं. फरक इतकाच, की माय मारून झाल्यावर रडायची. माझे वडील, अण्णा, मारून झाल्यावर चहा मागायचे.

अण्णा गणिताचे मास्तर. आधी शाळेत होते. मग घराच्या पुढच्या दोन खोल्यांत अकरावी-बारावीची शिकवणी सुरू केली आणि काही वर्षांत ती इतकी फोफावली की शाळा सोडली. तेव्हा लातूरला सगळ्या महाराष्ट्रातून पोरं यायला लागली होती. डॉक्टर व्हायचं, इंजिनिअर व्हायचं, त्यासाठी लातूर. बाप पोराला घेऊन यायचे, ट्रंक खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "सर, हाडं आमची, मास तुमचं. पाहिजे तेवढं हाणा." अण्णा हसायचे. टेबलावर त्यांचा शिसवी रूळ असायचा. पाहिजे तेवढं म्हणजे किती, हे त्यांना कुणीच सांगून गेलं नव्हतं.

लोक म्हणायचे, सर आधी असे नव्हते, भूकंपानं बदलले. मायला हे कुणी सांगितलं की ती मान हलवायची. "लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच माझ्या कानातून रगत आलं होतं. भूकंपानं त्यांना कारण भेटलं, एवढंच."

भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. मायचं माहेर औशाच्या पलीकडं एका खेड्यात. पहाटे आमच्या घराची भिंत तडकली, आम्ही रस्त्यावर पळालो, थरथरत उजाडायची वाट बघितली. उजाडल्यावर बातम्या यायला लागल्या. मला शेजारच्या खालाकडं ठेवून माय आणि अण्णा एका जीपमधून निघाले. खाला म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी विधवा बाई. तिच्या घराण्यात तीन पिढ्या गवंडीकाम. दोन दिवस तिनं मला पोटाशी धरून अंगणात झोपवलं. छपराखाली जायला तेव्हा कुणीच धजावत नव्हतं.

माय परतली तेव्हा तिचा आवाज गेला होता. पुढं तुकड्यातुकड्यानं तिनं जे सांगितलं ते असं. गावाच्या जागी दगडांचा आणि पांढऱ्या मातीचा ढीग होता. वरून पाऊस. माळवदाची घरं, छपरावर हातभर माती, ती सगळी झोपलेल्या माणसांवर आलेली. अण्णांनी पहारीनं आणि मग नुसत्या हातांनी उकरलं. त्यांची नखं निघाली. आधी आजोबा सापडले, मग मामा-मामी, आणि सगळ्यांत शेवटी आजी. आजी बसलेली होती. तिचं तोंड मातीनं गच्च भरलं होतं. मायनं बोट घालून ती माती काढली. लाकडं ओली होती म्हणून डिझेल ओतून सगळ्यांना एकाच ठिकाणी पेटवलं. अण्णांनी त्या दिवशी जे केलं ते माय कधी विसरली नाही, आणि कधी नाकारलंही नाही. "त्या दिवशी ते माणूस होते," ती म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा गावी गेली. वाचलेली माणसं पत्र्याच्या शेडात राहत होती. गाव मेलं होतं, पण गावाबाहेरचं तळं तसंच होतं. त्यात कमळं होती. माय गुडघाभर चिखलात उतरली, पायानं चाचपून कंद काढले, ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीनं लातूरला आणले. परसात आधीच्या मालकानं जनावरांसाठी बांधलेला हौद होता. भूकंपात त्याला उभी चीर गेली होती. खालाच्या भावानं तो फोडून मोठा केला, कमरेइतका खोल, जवळजवळ अर्धं परस व्यापेल एवढा, आणि आतून घोटून गिलावा दिला. तळाला काळी माती, तिच्यात कंद. बाजूच्या आडातून पाणी. डास होऊ नयेत म्हणून हिवतापाच्या कर्मचाऱ्यांनी गप्पी मासे सोडले. खालानं भाच्याच्या दुकानातून लाल मासे आणले. बाजारातल्या भोईणीनं रोहूची बोटाएवढी पिल्लं दिली.

"बायकांना सोन्याचा नाद असतो, हिला चिखलाचा," अण्णा म्हणाले. तेव्हा ते हसून म्हणाले होते.

दर हिवाळ्यात मायचं काम ठरलेलं. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली की ती विळा घेऊन हौदात उतरायची. करपलेलं पान पाण्यात पडून कुजू द्यायचं नाही. कुजलं की पाणी घाण होतं आणि तळाशी पडलेले मासे गुदमरतात. पण देठ कापायचा तो पाण्याच्या वर वीतभर ठेवून. कमळाचा देठ आतून पोकळ असतो, पाण्याखाली कापला की पाणी थेट कंदापर्यंत उतरतं आणि कंद सडतो. मी एकदा घाईनं खाली कापला तर मनगटावर विळ्याची मूठ बसली होती. खाणंही बंद. गारठलेल्या माशाला पचत नाही, टाकलेलं तसंच सडतं. दुपारी ऊन चांगलं तापलं की आडाचं पाणी थोडं थोडं ओतून हौद काठोकाठ ठेवायचा, म्हणजे तळ उबदार राहतो. अर्ध्या हौदावर तुराट्यांची ताटी, अर्धा उघडा. बगळ्यासाठी आडव्या-उभ्या सुतळ्या.

हे सगळं ती करायची तेव्हा पुढच्या खोलीतून आवाज यायचे. आधी अण्णांचा प्रश्न, मग शांतता, मग रूळ. पाठीवर बसला तर बोथट, तळहातावर बसला तर टणक. माय विळा थांबवायची नाही. पण मी पाहिलंय, प्रत्येक आवाजाला तिचे खांदे आत ओढले जायचे. एकदा एक पोरगं रडत परसात आलं आणि सुजलेले हात हौदात बुडवून बसलं. माय त्याच्या शेजारी कठड्यावर ओणवून देठ कापत राहिली. अण्णा दारात आले, म्हणाले, "ए, आत हो." पोरगं गेलं. मग त्यांनी मायला विचारलं, "तू काय इथं दवाखाना उघडलास?" आणि जाता जाता तिच्या पाठीत लाथ घातली. ती कठड्यावर तोंडावर पडली. उठली, नाकातलं रक्त पुसलं, विळा शोधला.

मी बारावी झाले आणि नांदेडला शिकायला गेले. मी गेल्यावर अण्णांनी घरावर मजला चढवला आणि पोरांचं वसतिगृह काढलं. पुढं शिकवणी, वर पोरं, मागं आम्ही. पोरं इतकी झाली की आंघोळीला जागा पुरेना. परसात दगडी फरश्या टाकून नळ काढले. साबणाचं पाणी वाहत वाहत हौदाकडं यायला लागलं. मायनं मातीचा बांध घातला, पोरांनी तो तुडवला. तिनं पुन्हा घातला. त्या डिसेंबरात मी परीक्षा देऊन घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हौदावर फेस होता आणि फेसात गप्पी मासे पांढरी पोटं वर करून पडले होते, तांदूळ सांडावेत तसे. लाल मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून हवा गिळत होते. माय आणि मी बादल्यांनी पाणी उपसत होतो, आडाचं ओतत होतो. अण्णा गच्चीवरून बघत होते.

जेवताना ते म्हणाले, "उद्या मुरमाचा ट्रॅक्टर येतोय. हौद बुजवायचा. तिथं न्हाणीघरं बांधायची."

माय वाढत होती. तिचा हात थांबला. "उन्हाळ्यात तरी बुजवा. कंद काढून घेते."

"हिवाळ्यात त्यात आहेच काय? नुसता चिखल."

"चिखलात जित्ते हायेत ते."

अण्णांनी ताट उचलून फेकलं. आमटी माझ्या मानेवरून खाली उतरली. गरम होती. "जित्ते! तुझ्या बापाचं गाव गेलं तेव्हा मी उकरलं. माझी नखं गेली. मला शिकवतेस काय जित्तं आणि काय मेलं?"

मायनं वाकून ताट उचललं, भिंत पुसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पाण्यात उतरली. मला वाटलं कंद काढायला. पण ती नेहमीसारखी राहिलेली पानं कापत होती, जणू काही वर्षभराचं काम बाकी आहे. पाणी इतकं गार होतं की तिचे हात जांभळे झाले होते. मी म्हटलं, "माय, बाहेर ये, मी उतरते." ती म्हणाली, "तू काठावर बस. पानं घे."

मागच्या गल्लीतून ट्रॅक्टर आला. परसाची भिंत एका बाजूनं अण्णांनी आधीच पाडून घेतली होती. मुरमानं भरलेली ट्रॉली मागं मागं येत हौदाच्या काठाशी थांबली. पोरं दात घासत, टॉवेल गुंडाळून फरश्यांवर उभी होती. वरच्या खिडक्याही भरल्या.

"बाहेर ये," अण्णा म्हणाले.

"न्हाई."

"पोरं बघतायत. बाहेर ये म्हणतो."

"बघू द्या. ती मार खातात तेव्हा मी बघतेच की रोज."

कुठंतरी एक पोरगं फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अण्णांनी वळून ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, "तू टाक रे. आपोआप निघते ती."

तो माणूस सीटवरून उतरला. "बाई हाय की सर पाण्यात. म्या न्हाई टाकत."

अण्णा आत गेले आणि रूळ घेऊन आले. चपलांसकट हौदात उतरले. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. माय बसली नाही, उभीच राहिली. मी कठड्यावरून उडी मारून मागून त्यांचा सदरा धरला. त्यांनी न बघताच कोपर मागं मारलं. माझ्या तोंडात काहीतरी मोडलं. पुढचा अर्धा दात होता तो. मी पाण्यात पडले, रक्ताची गुळणी गिळली, उठले. तोवर त्यांनी मायची वेणी हाताला गुंडाळली होती आणि तिचं डोकं पाण्याखाली दाबलं होतं. एका हातानं दाबत होते आणि दुसऱ्या हातानं, रूळ धरलेल्या हातानं, तिच्या पाठीवर मारत होते. पाणी काळं झालं होतं. तिचे पाय चिखलात घसरत होते. मी त्यांच्या दंडाला चावले. त्यांनी मला पुन्हा झटकलं. पोरांतलं कुणीही पुढं आलं नाही. त्यांना दोष देत नाही मी. त्यांना त्याच हातानं रोज शिकवलं होतं.

मग पाण्यातून मायचा हात वर आला. त्यात विळा होता. तो सकाळपासून तिच्या हातातच होता. तिला दिसत नव्हतं, तिनं वर, आवाजाच्या दिशेनं ओढला. तो अण्णांच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लागला आणि पार कोपराकडं गेला. रूळ पाण्यात पडला. अण्णा ओरडले नाहीत. हाताकडं बघत राहिले. रक्त आधी आलंच नाही; पांढरं काहीतरी दिसलं, दोरीसारखं. मग एकदम आलं.

माय उठून उभी राहिली. तोंडातून चिखलाचं पाणी गळत होतं. तिचा हात दुसऱ्यांदा वर गेला. तो मानेवर येणार होता, हे मी बघितलं, आणि मी ओरडले नाही.

खाला पाडलेल्या भिंतीवरून आत आली होती. पायात काही नाही, डोक्यावर पदर नाही. "छोडो उसकू! मर जाती ना वो!" असं ओरडत ती धावली होती, पण हौदाशी पोहोचेपर्यंत मरणारं माणूस बदललं होतं. तिनं साडीसकट पाण्यात उडी घेतली आणि मायचा वर गेलेला हात दोन्ही हातांनी धरला. "बस, बहन. अब बस. मेरेकू देख. बस."

माय तिच्याकडं बघत नव्हती. अण्णांकडं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्याशी एकेरीत बोलली. "पुन्हा पाण्यात पाय टाकलास तर मान कापीन तुझी."

ट्रॅक्टरवाल्यानं आपला रुमाल अण्णांच्या दंडाला आवळून बांधला, त्यांना पुढं बसवलं आणि भरलेल्या ट्रॉलीसकट दवाखान्यात नेलं. पोरं पांगली. एक जण फरशीवर ओकत बसला होता. दुपारी ठरलेली चाचणी झाली. भौतिकशास्त्राच्या सरांनी घेतली. मी परसात बसून ऐकत होते, पुढच्या खोल्यांत पंखे बंद, सगळीकडं शांतता, नुसते कागद उलटल्याचे आवाज.

पोलीस आले. अण्णांनी दवाखान्यात सांगितलं होतं, पाय घसरला, पत्रा लागला. बारावीची परीक्षा तोंडावर होती, शिकवणीची बदनामी त्यांना नको होती. हवालदारानं मायच्या सुजलेल्या मानेकडं बघितलं, माझ्या दाताकडं बघितलं. "तुमचं काही म्हणणं?" माय म्हणाली, "न्हाई." तो गेला.

त्याच दुपारी माय म्हणाली, "ते घरी यायच्या आत निघायचं." मला वाटलं कपडे बांधायचे. तिनं बादली उचलली.

खाला, माय आणि मी, आम्ही तिघींनी हौद उपसला. मायचा उजवा खांदा वर होत नव्हता, ती डाव्या हातानं ओढत होती. पाणी गुडघ्याच्या खाली आल्यावर पायानं कंद चाचपायचे, बोटं खाली घालायची, तुटू न देता सोडवायचे. कंदाचं टोक मोडलं की तो फुटत नाही. थंडीनं माझ्या हातांना काही कळत नव्हतं. चिखलात रूळ हाताला लागला तेव्हा मी त्यालाही कंद समजले. तो मी खालाला दिला. तिनं चुलीत घातला. लाल मासे आणि लहान रोहू खालाकडच्या दुधाच्या कॅनमध्ये भरले. मोठे रोहू कशातच मावणारे नव्हते, हातभर झाले होते. ते ठेवून गेलो तर मुरमाखाली जाणार. माय थोडा वेळ त्यांच्याकडं बघत बसली. मग एकेकाला शेपटीला धरून कठड्यावर आपटलं. एक फटका, एक मासा. शेवटचा तिच्या हातून निसटला, चिखलात उड्या मारत राहिला, तिला दुसऱ्यांदा आपटावं लागलं. तेव्हा ती रडली. दिवसभरात तेव्हाच. ते मासे खालानं शिजवले आणि आम्ही तिच्या चुलीपुढं बसून खाल्ले. मला एका बाजूनंच चावता येत होतं.

नांदेडच्या एसटीत वाहकानं कॅनवरून हुज्जत घातली. "पाणी सांडलं तर उतरवीन." खालानं खिडकीतून त्याला असं काही सुनावलं की तो गप्प झाला. थंडी होती हेच बरं झालं. गारठलेल्या माशाला हवा कमी लागते. अहमदपूर गेल्यावर, लोहा यायच्या आधी, माय एकदम म्हणाली, "डोळे उघडेच होते माझे."

मी तिच्याकडं बघितलं.

"पाण्याखाली. काई दिसत नव्हतं. तोंडात चिखल गेला. मला वाटलं, आईला असंच झालं असंल. बसली होती ना ती. म्हणजे उठायला बगत होती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तिच्या हातात काईच नव्हतं."

नांदेडला गोदावरीच्या अंगाला, जुन्या वस्तीत आम्ही दोन खोल्या घेतल्या. मागं परस होतं, बोरीची झुडपं तोडून आम्ही खड्डा खणला. पहिली दोन वर्षं कमळ आलं नाही. थंडीत उपटल्याचा कंदांना धक्का बसला होता. माय हिवाळ्यात चिखलात हात घालून बघायची, कंद दाबून बघायची; घट्ट असला की म्हणायची, "हाय." मऊ असला की काढून फेकायची. पोटासाठी तिनं डबे करायला सुरुवात केली. शिकवण्यांचं वारं तोवर नांदेडलाही आलं होतं, गल्लीगल्लीत फलक, खोलीखोलीत पोरं. ती पोरं मायच्या हातचं खात होती. कुणाच्या हातावर वळ दिसला तर ती विचारायची, "कोणता सर?" आणि दुसऱ्या दिवशी त्या शिकवणीच्या दारात जाऊन उभी राहायची. एका सरांना तिनं रस्त्यावर कानाखाली मारली. त्या शिकवणीचे सगळे डबे बंद झाले. माझ्यावर मात्र तिनं पुन्हा हात उचलला नाही. उचलायची, आणि मधेच थांबवून पाठीमागं धरायची.

अण्णा एकदाच आले. असाच हिवाळा होता, दुपार होती. ते बरेच वाळले होते. उजवा हात खिशात. शिकवणी चालू होती, वाढलीही होती. खडू धरता येत नव्हता म्हणून ते आता शिकवत नव्हते, नुसते मालक होते. पोरांना शिस्त लावायला त्यांनी एक माणूस ठेवला होता. मी दार उघडलं तेव्हा माझ्या दाताकडं त्यांची नजर गेली. मी तो बसवून घेतला नव्हता.

माय मागं देठ कापत होती. अण्णा काठाशी गेले, उभे राहिले. ती पाण्यातून वर आली नाही.

"घरी चल," अण्णा म्हणाले. "न्हाणीघरं पाडतो. पुन्हा बांधू हौद."

"बसा. पोरगी करते चहा."

"चूक झाली म्हणतो मी."

"ऐकलं."

"मग?"

मायनं करपलेलं पान काठावर टाकलं. "तुम्ही आजबी रूळ ठेवता का टेबलावर?"

अण्णा म्हणाले, "तो माणूस ठेवतो. शिस्त लागते पोरांना. तुला नाही कळायचं."

"चहा घ्या आणि जा."

त्यांचा डावा हात वर गेला. सवयीनं गेला असावा. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हातात उकळता चहा. मी ते भांडं तसंच धरून पुढं झाले, आणि त्यांच्या तोंडावर टाकण्याइतकी जवळ गेले. मी टाकलं असतं. आमच्या घरातलीच मुलगी मी. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, हात खाली घेतला, चपला घातल्या आणि गेले. चहा त्यांनी घेतला नाही. माझ्या तळहातभर फोड आले होते, भांडं फडक्याशिवाय धरलं होतं.

ते वारले तेव्हा मी एकटी लातूरला गेले. खाला त्याआधीच गेली होती. घर ओळखू येत नव्हतं, तीन मजले, सगळ्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले टॉवेल. तिरडी उचलली तरी वरच्या मजल्यावर शिकवणी चालू होती. त्या शिस्तीच्या माणसानंच सगळं केलं होतं, शेवटच्या आजारात घास भरवण्यापर्यंत. तो माझ्यापेक्षा जास्त रडला.

परत आले तर माय माझ्यासाठी जेवायची थांबली होती. मी हातपाय धुऊन बसले.

"कोण होतं जवळ?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"हात?"

"तसाच. बोटं आखडलेली. बांधताना सरळ झाली नाहीत."

तिनं भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. "त्याच हातानं त्यांनी माझ्या आईला उकरून काढलं होतं," ती म्हणाली. "बरं झालं असं बी म्हणवत न्हाई. वाईट झालं असं बी म्हणवत न्हाई. लई वंगाळ असतं असं."

मग तिनं माझं ताट पुढं ओढलं आणि मला वाढायला घेतलं.